बादलीच्या कडीची चिंधी

रत्नागिरी
१४ नोव्हेंबर १९८६

प्रिय कुसुम,

तुझं कार्ड सोमवारी मिळालं. सखाराम टपालवाल्याने फाटकाशीच माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, 'वहिनी, देवरूखच्या बाईंचं आहे, मी काय वाचलं नाही हो.' म्हणजे वाचलंच. वाचण्यासारखं त्यात फार नव्हतंही. तू बरी आहेस, दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत जायला लागलीस, आणि खाली दोन प्रश्न. श्रीपतराव कसे आहेत? माझं पत्र त्यांना मिळालं का? आज शुक्रवार. पाच दिवस ते कार्ड माझ्या डायरीत आहे आणि रोज मी तुला उत्तर लिहायला बसते. काल तीन पानं लिहिली आणि फाडली. त्यांत एकही वाक्य खोटं नव्हतं, पण सगळी मिळून खोटी होती. हे वाक्य वाचून तू म्हणशील, मालिनी अजून कॉलेजातल्यासारखीच लिहिते. असेल. आज फाडणार नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. हे बरे नाहीत. बासष्ट किलोचा माणूस त्रेचाळीसवर आला आहे. रक्त साडेसहा. गोळ्यांचा उपयोग थांबला, मग स्टेरॉइडचा थांबला. गणपतीपासून रजेवर आहेत आणि माजघरात झोपतात, कारण मागचं दार तिथून जवळ. दिवसात पंधरा-सोळा वेळा उठावं लागतं. इथल्या डॉक्टरांनी दसऱ्यानंतर स्पष्टच सांगितलं की आता आतडं कधीही फुटेल, आणि फुटल्यावर मुंबईला नेण्याइतका वेळ मिळणार नाही. मुंबईच्या सर्जननी एक डिसेंबरला खाट राखून ठेवली आहे. मोठं आतडं पूर्ण काढायचं आणि लहान आतड्याचं तोंड पोटावर आणून तिथे पिशवी लावायची. तुला हे समजावून सांगणारी मी कोण. पण हे जायला तयार नाहीत. डॉक्टरांना नाही म्हणाले, चारू पुण्याहून दिवाळीला आली होती, तिने रडून पाहिलं, लेकीलाही नाही म्हणाले. सतरा दिवस उरले आहेत.

का नाही म्हणतात, तेही मला माहीत आहे. तेच तुला सांगायचं आहे, पण तिथे पोचायला मला जरा मागून यावं लागेल.

तुला आठवतं, तीन वर्षांपूर्वी तू पेपर तपासायला रत्नागिरीत आलीस आणि आमच्याकडे दोन दिवस राहिलीस? यांचा आजार तेव्हा चार वर्षांचा झाला होता. मी त्यांची वही ठेवायला लागले होते. माझी डायरी वेगळी, ही वही वेगळी. डाव्या बाजूला तारीख आणि काय खाल्लं, उजव्या बाजूला टिंबं. जितक्या वेळा परसाकडे गेले तितकी टिंबं. रक्त असेल त्या दिवशी लाल पेन्सिल. मला वाटायचं, यापेक्षा मोठी सेवा कुठली? पानं उलटली की कळायचं, फणसाने बिघडलं, मुगाने नाही, पाहुणे आले त्या आठवड्यात टिंबं दुप्पट. एकदा डॉक्टरांनी विचारलं, साधारण किती वेळा होतं, आणि हे म्हणाले, पाच-सहा. मी वही उघडली आणि वाचून दाखवलं. सोमवार नऊ, मंगळवार अकरा, बुधवार अकरा, सगळी लाल. कंपाउंडर ऐकत होता, पडद्यापलीकडच्या बाकावर दोन बाया होत्या. मला वाटलं, मी डॉक्टरांना खरं सांगितलं. रिक्षात हे एवढंच म्हणाले, 'मी लोकांच्या जमिनी मोजतो, पण जमिनीला विचारून मोजत नाही, ते बरोबरच आहे. तूही मला विचारलं नाहीस.' नंतर महिनाभर टिंबं कमी झाली. मला आनंद झाला, मी डायरीत लिहिलंसुद्धा, पथ्याला यश. मग एक दिवस आंघोळीचं पाणी काढताना मला दिसलं की त्यांच्या परसाकडच्या बादलीच्या कडीला जुन्या धोतराची चिंधी घट्ट गुंडाळली आहे. कडी वाजू नये म्हणून. मी स्वयंपाकघरात कडीच्या आवाजावरून मोजत होते, हे त्यांना कळलं होतं.

अशा घरात तू आलीस. हातपाय धुण्याआधी, पिशवी खाली ठेवण्याआधी तू मला विचारलंस, 'मालिनी, तुमचं परसाकडचं कुठे, आणि कडी आतून नीट लागते ना?' तू इतक्या सहज विचारलंस की मी फणसाच्या झाडाकडे बोट केलं आणि विसरून गेले. हे मात्र ओटीवर बसले होते, त्यांनी ते ऐकलं. जेवायला बसलो तेव्हा तू म्हणालीस, मला आमटी नको, मऊ भात आणि ताक पुरे. यांनी तुझ्या ताटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या ताटाकडे. दोन्हींत मऊ भात आणि ताक. आणि त्यांनी विचारलं, 'किती वर्षं?' तू म्हणालीस, 'वीस.' बस. मी घावनं घालत होते. तव्यावरून मान वर केली तोवर तुम्ही दोघं त्या गावात जाऊन पोचला होतात, जिथे मला जाता येत नाही.

काय बोलत होतात तुम्ही. कुठल्या एसटी स्टँडवर काय सोय आहे. कुठला कंडक्टर न चिडता गाडी थांबवतो. खेडच्या स्टँडमागे एक चाचा आहेत, चहाची टपरी चालवतात, ते चेहरा बघून न विचारता मागच्या घराची किल्ली देतात. हे म्हणाले, 'दाढीवाले? तुम्हालाही दिली?' आणि तुम्ही दोघं हसायला लागलात. हे तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्यांनी कातळाची गोष्ट काढली. म्हणाले, सर्व्हेअरला कोकणात सगळं मिळतं, शहाळं मिळतं, सावली मिळते, पण कातळावर मोजणी लागली की दोन मैल आडोसा मिळत नाही. तू म्हणालीस, 'वर्गातही मिळत नाही हो, बेचाळीस पोरी समोर.' पुन्हा हसलात. कुसुम, त्याआधी वर्षभर मी यांना हसताना ऐकलं नव्हतं. ते घावन माझ्या हातून करपलं. रात्री डायरीत मी लिहिलं, कुसुम आली, बरं वाटलं. आणि त्याखाली लिहिलं, खरं लिही. आणि मग काहीच लिहिलं नाही.

तुमचा पत्रव्यवहार सुरू झाला तो माझ्या सांगण्यावरून. हे मी विसरत नाही. तू गेल्यावर मीच म्हणाले, तुम्ही कुसुमला लिहीत जा, तुम्हाला बरं वाटतं. पोस्टातून निळी आंतर्देशीय पत्रं मी आणत होते, एका वेळी दहा. दर पंधरवड्याला तुझं पत्र यायचं. ते घेऊन हे ओटीवर बसायचे, वाचून झालं की घडी करून खिशात. मी विचारायचे, काय म्हणते कुसुम? 'बरी आहे.' बस. माझी मैत्रीण, माझ्या खोलीत दोन वर्षं राहिलेली, माझी साडी नेसून परीक्षेला गेलेली, आणि मला तिची बातमी मिळायची दोन शब्दांत. मी स्वतःला समजावलं की दोन आजारी माणसं आहेत, त्यांना एकमेकांचा आधार आहे, यात वाईट वाटण्यासारखं काय. मग तुझ्या पत्राच्या दिवशी मी वहीत टिंबं मोजायची. कमी असायची. माझ्या मेतकुटाने, पेजेने, इतक्या वर्षांच्या जागरणाने जे झालं नाही ते तुझ्या एका निळ्या कागदाने व्हायचं. मला आनंद व्हायला हवा होता. मी पुन्हा मोजायची, एखादं सुटलं असेल म्हणून.

तुझं एकच पत्र मी वाचलं, तेही अर्धं. ते टेबलावर उघडं राहिलं होतं. त्यात तू हेदवीच्या स्थळाबद्दल लिहिलं होतंस. मला तू बावीस वर्षं सांगत आलीस की पत्रिका जुळली नाही. त्यांना तू लिहिलंस की तूच नकार कळवलास, कारण सासरच्या घरात दिवसातून दहा वेळा उठून जाणारी नवी सून तुला डोळ्यांपुढे आणता येईना. मला का नाही सांगितलंस गं? मी त्या वर्षी तुझ्याबरोबर रडले होते, त्या पत्रिकेला शिव्या घातल्या होत्या. आणि त्याच पानावर खाली तू त्यांच्या कुठल्याशा वाक्याला उत्तर दिलं होतंस. लिहिलं होतंस, 'मालिनीसमोर जेवताना परीक्षेला बसल्यासारखं वाटतं म्हणता, ते मला कळतं. पण ती तुमच्यावर रागावून नाही, घाबरून मोजते.' मी तिथेच थांबले. पुढचं वाचलं नाही, हे खरं आहे, पण त्यात माझा चांगुलपणा नव्हता. तू माझी बाजू घेतली होतीस, तेच मला सोसवेना. माझ्या नवऱ्याला माझ्याबद्दल समजावायला तू लागत होतीस.

आता एक वेडेपणाची गोष्ट सांगते. ती मी डायरीतही लिहिलेली नाही. गेल्या उन्हाळ्यात, एका रविवारी, मी दोन पळ्या एरंडेल घेतलं. मला काही झालं नव्हतं. मला फक्त तिथे जायचं होतं, जिथे तुम्ही दोघं आहात. सहा वेळा मला जावं लागलं. गडग्यापलीकडून शेजारच्या गंगाकाकूंनी विचारलंच, 'आज वहिनीची पाळी वाटतं?' हे रोज ऐकत असतील, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पोटात पीळ पडत होता, पाय थरथरत होते, आणि मी मनात म्हणत होते, आता कळेल, आता मला बोलता येईल. यांनी मला मीठसाखरेचं पाणी करून दिलं, उशी दिली, कपाळावर हात ठेवला. आणि म्हणाले, 'झोप. उद्या बरी होशील.' अगदी मायेने म्हणाले. त्यांना काही माहीत नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. उद्या मी बरी होणार होते. एरंडेलाने पोट बिघडतं, बाकी काही होत नाही.

यंदा जुलैत तुझं पत्र आलं, त्यातली एक ओळ त्यांनी मला मुद्दाम वाचून दाखवली. वीस ऑगस्टला ऑपरेशन, आणि हात चालायला लागला की पहिलं पत्र तुम्हाला. पहिलं पत्र तुम्हाला. ते त्या ओळीकडे आधारासाठी पाहत होते, मी त्यातल्या एका शब्दाकडे. वीस ऑगस्टला त्यांनी सकाळी काही खाल्लं नाही. मी विचारलं तर म्हणाले, 'तिलाही काही देणार नाहीत आज.' मग वाट पाहणं सुरू झालं. सप्टेंबर आला. गणपती आले. त्यांच्या चुलतभावाने पंगतीत आग्रह केला, 'अहो एका मोदकाने काय होतंय, तुमचं आपलं मनाचं दुखणं,' आणि हे हसून उठले ते जेवायला परत आलेच नाहीत. रोज अकराच्या सुमाराला सखारामची सायकल वाजली की माजघरातून विचारायचे, 'आज काही?' मी म्हणायची, नाही. तेव्हा ते खरं होतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून एक वेगळीच गोष्ट घडायला लागली. हे माझ्याशी बोलायला लागले. बरं वाटेल तेव्हा स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसायचे, भिंतीला टेकून. आधी इकडचं तिकडचं, ऑफिसातला महिपत शिपाई त्यांच्या गैरहजेरीत नकाशांवर कसा झोपतो वगैरे. मग एक दिवस त्यांनी मला पाच वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगितली. पावसच्या बाजूला एका गावात दोन भावांची हद्द ठरवायची होती, उघड्या कातळावर. तीस-चाळीस माणसं जमलेली. साखळी ओढता ओढता कळ आली आणि थांबवता आली नाही. पांढरी पॅंट होती. माणसं बघायला लागली, पोरं हसायला लागली. तेव्हा रामा नावाचा एक म्हातारा कुळवाडी पुढे आला, त्याने आपला खांद्यावरचा पंचा सोडून यांच्या कमरेभोवती गुंडाळला आणि सगळ्यांवर ओरडला, 'हिकडं काय बघताव रे, धोंडा तिकडं हाय.' आणि ती सगळी माणसं, भांडणारे दोन्ही भाऊसुद्धा, पाठ फिरवून हद्दीच्या दगडाकडे बघत उभी राहिली, हे उतारावरच्या वहाळाच्या पाण्यापर्यंत जाऊन येईपर्यंत. हे म्हणाले, 'त्याचा पंचा परत करायचा राहिला गं.' तो पंचा आमच्याकडे होता. पाच वर्षं मी त्याने ओटा पुसत होते.

ती गोष्ट ऐकताना मी हातातलं काम सोडलं नाही, कारण मी वळून पाहिलं तर ते थांबतील अशी भीती वाटली. इतकी सुखी मी कित्येक वर्षांत झाले नव्हते. सुखी हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. त्यांचं रक्त उतरत होतं, डोळे खोल गेले होते, आणि मी रोज सकाळी उठायची ती आज काय सांगतील या उत्सुकतेने. पण मला ठाऊक होतं की ती गोष्ट खरं म्हणजे तुझ्या नावाची होती. त्यांना तुला लिहिता येत नव्हतं म्हणून ती माझ्याकडे आली होती.

दसऱ्यानंतर डॉक्टरांनी ऑपरेशनचं काढलं. घरी आल्यावर हे पाटावर बसले आणि म्हणाले, 'कुसुमताईंनी केलंच होतं ना धाडस. माझ्यापेक्षा धीराची बाई. काही बरं झालं असतं तर तिने लिहिलं असतं.' मी पेज ढवळत होते. ते म्हणाले, 'देवरूखला कुणाला विचारू नकोस. मला ऐकायचं नाही.' आणि मग म्हणाले, 'मी नाही जाणार. मरायचंच तर इथे, आपल्या फणसाखाली. पोटाला पिशवी लावून अनोळखी खाटेवर नको.' कुसुम, मी त्या वेळी एक वाक्य बोलायला हवं होतं. चार शब्दांचं वाक्य. मी म्हणाले, बघू.

आता तुझा दुसरा प्रश्न. तुझं पत्र त्यांना मिळालं का.

ते सहा ऑक्टोबरला आलं, सोमवारी. मला मिळालं. निळं आंतर्देशीय, वर तुझं अक्षर, नेहमीपेक्षा थोडं वाकडं, पण तुझंच. म्हणजे तू होतीस, बसत होतीस, लिहीत होतीस. मला इतकं बरं वाटलं की मी फाटकाला धरून उभी राहिले. तो आनंद खरा होता, त्यावर तरी विश्वास ठेव. आणि मग मी वर लिहिलेलं नाव वाचलं. आतून त्यांनी विचारलं, 'आज काही?' मी म्हणाले, चारूचं कार्ड आहे. चारूचं कार्ड आलंच होतं. मी खोटं बोलले नाही, असं मी त्या दिवशी डायरीत लिहून ठेवलं आहे, आणि त्या ओळीची मला आता सगळ्यांत जास्त लाज वाटते. मनात होतं, जेवण झाल्यावर देईन. जेवण झालं आणि ते पाटावर बसून बोलायला लागले. उद्या देईन. उद्याही बोलले. मग दसरा आला, मग इतके दिवस झाले की पत्र द्यायचं म्हणजे ते दिवसही द्यावे लागणार होते. मी ते उघडलं नाही. उघडलं असतं तर कदाचित त्यात काय आहे ते वाचून मला लगेच द्यावं लागलं असतं. न उघडता ते माझ्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत, एकोणचाळीस दिवस होतं. 'नाही जाणार' म्हणाले त्या दिवशीही ते तिथेच होतं.

आज सकाळी मी ते त्यांच्या हातात दिलं. पेजेच्या वाटीबरोबर नाही, नुसतं दिलं. सर्व्हेअरचे डोळे. आधी त्यांनी टपालाचा शिक्का वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डोक्यातली पिन मागितली आणि कडा सावकाश फोडल्या. दोनदा वाचलं. मी उभीच होते. त्यांनी विचारलं, 'वाचलंस?' म्हटलं, नाही. 'मग ठेवलंस कशाला?' म्हटलं, तुम्ही माझ्याशी बोलत होतात म्हणून. त्यांनी पत्राची घडी करून खिशात ठेवली. रागावले असते तर मला जमलं असतं. मग म्हणाले, 'वाढ काहीतरी.' मी भात वाढला आणि मागच्या दारी जाऊन पाठ करून बसले, ते जेवून उठेपर्यंत. किती खाल्लं ते मला माहीत नाही. सात वर्षांत पहिल्यांदा माहीत नाही. दुपारी पाहिलं तर ती चिंधी धुण्याच्या दगडावर पडली होती. धुवायला काढली होती की काढूनच टाकली होती, मी विचारलं नाही.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, 'सगळं ठीक आहे लिहिलंय. शाळेत जाणार, एसटीने फिरणार, आमटी खाते. पण ती धीर देणारी बाई. मी मरू नये म्हणून तसं लिहील.' मग म्हणाले, 'नकाशावर हद्द किती सरळ दिसते, पण मी जागेवर उभा राहिल्याशिवाय कधी सही केली नाही.' पुढे बोलले नाहीत. बोलणार नाहीत. जे मनात आहे ते एका बाईला विचारायचं धाडस त्यांना सात जन्मांत होणार नाही. म्हणून मी विचारते, आणि यासाठीच हे पत्र. कुसुम, तू ये. पुढच्या शनिवारी शाळा सकाळची असेल, दुपारच्या एसटीने ये. त्यांच्यासमोर बस, आमटी-भात जेव, आणि जमलं तर त्यांना ते दाखव. तुझं पोट, ती पिशवी, ती जागा. परक्या पुरुषाला दाखवायची गोष्ट नाही ती, आणि त्याच्या बायकोने मागायची तर नाहीच नाही. मी ओटा पुसायचा तो पंचा उकळत्या पाण्यातून काढून वाळत घातला आहे. तुला आडोसा हवा असेल तर तो आहे, मी दाराशी उभी राहावी असं वाटत असेल तर मी पाठ फिरवून उभी राहीन, आणि मी घरात नको असेन तर गंगाकाकूंकडे जाऊन बसेन. तू सांगशील तसं. माझा हेवा गेलेला नाही, तो गेला असं लिहिलं असतं तर हेही पत्र फाडावं लागलं असतं. तरी ये. तुम्ही दोघं बोलाल ते मला ऐकू आलं नाही तरी चालेल. फक्त हसायचं झालं, तर दार लावून हसू नका.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
मालिनी